मोकळी गाडी

१५ जूनच्या रविवारी संध्याकाळी आण्णांचा फोन आला. आण्णा स्वतःहून फोन करत नाहीत. आई करते आणि शेवटी ‘हे घ्या, बोला’ म्हणून त्यांच्या हातात देते. त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव बघून आधी पोटात गोळाच आला.

“कुठं हैस?”

“रूमवर.”

“खरंच रूमवर हैस न्हवं?”

मग मला कळलं. त्या दुपारी तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला होता. रविवार, पाऊस, पर्यटकांची गर्दी, अरुंद पुलावर माणसं आणि दुचाकी एकदमच. चार जण गेले. पूल धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं, तरी लोक जात होते. मीही गेलो होतो. आदल्या पावसाळ्यात ऑफिसच्या मित्रांबरोबर त्याच पुलावर उभा राहून फोटो काढलेत. हे आण्णांना सांगितलं नाही.

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू पुलाचंच शिकलास न्हवं? मग सांग, पूल पडतोय कसा?”

“जेवून करतो फोन,” मी म्हणालो आणि ठेवला.

मी सिव्हिलची डिग्री घेतली आणि आयटीत नोकरी करतो. तुमच्या ओळखीतही असे चार जण असतील. कुणी विचारलं की ‘पॅकेज’ म्हणून विषय संपवता येतो. पण आण्णांचा हा प्रश्न कुंडमळ्याचा नव्हता. तो सहा वर्षांपूर्वीचा होता. त्यांनी तेव्हा विचारला नव्हता, एवढंच.

*

आमचं गाव गडहिंग्लजपासून फार लांब नाही, पण हिरण्यकेशीच्या पलीकडं. ही नदी आंबोलीला उगम पावते, आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते आणि पुढे संकेश्वरवरून घटप्रभेला मिळते. आंबोलीत किती पाऊस पडतो ते भिजायला जाणाऱ्यांना माहीत आहेच. तिथं कोसळला की आमच्याकडं लख्ख ऊन असलं तरी नदी फुगते. भडगावचा पूल पाण्याखाली गेला की चंदगडची वाहतूक बंद. त्याआधी बंधारे बुडतात. निलजी, ऐनापूर, जरळी, नांगनूर ही नावं दर पावसाळ्यात पेपरात एका ओळीत येतात, शाळेतल्या हजेरीसारखी.

हे बंधारे म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. सरकारी कागदात के. टी. वेअर. ही कोल्हापूर संस्थानातली कल्पना. राजर्षी शाहूंनी राधानगरी धरणाचं काम सुरू केलं. त्या धरणाचं पाणी नदीतूनच खाली सोडायचं आणि जागोजागी अडवून शेतीला द्यायचं, यासाठी हे बंधारे आले. नदीत ओळीनं खांब. खांबांना उभ्या खाचा. पावसाळा संपला की खाचांत बर्गे, म्हणजे फळ्या, घालायच्या आणि पाणी अडवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर बर्गे काढून घ्यायचे आणि नदीला वाट मोकळी करून द्यायची. अडवायचं तेव्हा अडवणारं आणि सोडायचं तेव्हा सोडणारं असं धरण, तेही फारसा खर्च न करता. मला अजूनही ही फार हुशार रचना वाटते.

बर्गे घालायला-काढायला खांबांच्या डोक्यावरून चालावं लागतं, म्हणून वर स्लॅब. आणि नदीवर स्लॅब दिसली की लोक तिचा रस्ता करतातच. आधी माणसं, मग सायकली, बैलगाड्या, मग उसाचे ट्रॅक्टर. आमच्या गावचा बंधारा हा असा पूल आहे. मुळात तो पूल नाहीच, पण त्याच्याशिवाय गडहिंग्लजला जायला बराच लांबचा वळसा पडतो.

त्याला कठडा नाही. बाहेरून आलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. कारण असं, की बंधारा दरवर्षी बुडणारच आहे. पुरात झाडं, उसाची चिपाडं, जलपर्णी वाहत येते. कठडा असला तर ते सगळं त्यात अडकतं आणि उघड्या कठड्याची भिंत होते. मग पाणी त्या भिंतीला ढकलतं, ती स्लॅबला ओढते. म्हणून कडेला फक्त फूटभर उंचीचे सिमेंटचे खुंट, मध्ये अंतर सोडून.

आण्णा या बंधाऱ्यावरून वीस वर्षं दुधाचा टेम्पो चालवत होते. पहाटे मोकळे कॅन घेऊन नदी ओलांडायची, वाड्या-वस्त्यांवरच्या संस्थांतून दूध भरायचं, कॅन गडहिंग्लजला पोचवायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. म्हशीला पाऊस कळत नाही. ती दोन्ही वेळा दूध देतेच, आणि ते काही तासांत पोचलं नाही तर नासतं. पाणी बघून परत फिरायचं म्हणजे पाच-पन्नास घरांचा त्या दिवसाचा पैसा बुडवायचा.

*

कॉलेजात पुलांवरच्या पहिल्याच लेक्चरला सरांनी टॅकोमाचा व्हिडिओ दाखवला. तो तुम्हीही पाहिला असेल. अमेरिकेतला झुलता पूल, जुलै १९४० मध्ये सुरू झालेला, नोव्हेंबरात वाऱ्यानं पिळवटून पडलेला. वारा काही चक्रीवादळाचा नव्हता, ताशी साठ-पासष्ट किलोमीटरचा. पण पूल हलतो, त्यामुळं वाऱ्याचा धक्का बदलतो, आणि तो बदललेला धक्का पुलाला आणखी हलवतो, असं चक्र सुरू झालं. बघायला विलक्षण. सगळा वर्ग गप्प.

ते माझं दुसरं वर्ष. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला. १९२८ साली ब्रिटिशांनी बांधलेला, दगडी कमानींचा. शेजारी नवा पूल होता, पण एका दिशेची वाहतूक जुन्यावरूनच चालायची. अंधारात, पावसात, पूल नाही हे न कळता दोन एसटी बस आणि एक गाडी थेट पुरात गेली. बस कित्येक दिवस सापडल्या नाहीत.

त्या आठवड्यात आम्ही सरांना तोच प्रश्न विचारला होता. कसा पडतो?

सरांनी फळ्यावर कमान काढली. दगडाला दाबलं तर तो जवळजवळ काहीही सोसतो, ताणलं तर तुटतो. कमानीची सगळी युक्ती इथं आहे. वरचं वजन ती एका दगडातून दुसऱ्या दगडात, फक्त दाबाच्या रूपात, खाली पायापर्यंत नेते. कोल्हापूरच्या पंचगंगेवरचा शिवाजी पूल असाच, एकोणिसाव्या शतकातला. बैलगाड्यांच्या काळात बांधलेल्या कमानींनी एसटी, ट्रक, सगळं वाहिलं. २०१८ च्या जानेवारीत एक मिनीबस त्याचा कठडा तोडून नदीत पडली, तेरा जण गेले. कठडा गेला, कमानींना काही झालं नाही.

“म्हणजे कमान वरून सहसा मरत नाही,” सर म्हणाले, “ती पायातून मरते.”

कमान फक्त खाली नाही, बाजूलाही रेटते. दोन शेजारच्या कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात. मधला खांब हलला की एक जाते, आणि तिच्या आधारावरची दुसरीही जाऊ शकते. खांब हलतो कशानं? खालची माती गेल्यानं. वाहतं पाणी खांबावर आपटतं, तिथं खाली वळतं आणि खांबाच्या पायाशी भोवरा करतं. समुद्राच्या कडेला वाळूत उभं राहून बघा, लाट परतताना टाचेखालची वाळू जाते. तेच. याला पाया धुपणं म्हणतात. नद्यांवरचे पूल पडण्याचं जगभरातलं हे एक सगळ्यांत मोठं कारण आहे. न्यूयॉर्क राज्यात १९८७ च्या एप्रिलमध्ये स्कोहारी ओढ्यावरचा महामार्गाचा पूल असाच गेला, दहा माणसं गेली. तो पूल काही जुनापुराणा नव्हता, पन्नासच्या दशकातला होता.

यातली सगळ्यांत वाईट गोष्ट मला तेव्हा नीट कळली नव्हती. खड्डा सगळ्यांत खोल असतो तो पूर भर असताना, म्हणजे कुणी बघू शकत नाही तेव्हा. पाणी ओसरू लागलं की तोच पूर आणलेला गाळ त्या खड्ड्यात भरून जातो. नंतर तपासायला येणाऱ्याला तळ सपाट दिसतो.

मी हे सगळं परीक्षेत लिहिलं. चांगले मार्क पडले.

*

२०१९. शेवटचं वर्ष संपलं होतं, आयटीतलं ऑफर लेटर हातात होतं, जॉइनिंगला वेळ होता. जुलैचे शेवटचे दिवस. तो महापूर, ज्यात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, तो अजून आठवडाभर लांब होता. पण नदी चढत होती.

त्या पहाटे मी आण्णांबरोबर बंधाऱ्यावर गेलो. उगाच, झोप येत नव्हती म्हणून. स्लॅबवरून पाणी जात होतं. खुंट दिसत नव्हते. पलीकडच्या काठावर तिघं-चौघं उभे होते, अलीकडं आम्ही आणि दोन ओळखीचे. पाण्यात काठी घालून बघितली, मांडीच्या खाली, गुडघ्याच्या वर.

आण्णांनी विडी पेटवली आणि माझ्याकडं बघितलं. “काय इंजिनियर? जातंय काय?”

चेष्टा होती, पण अर्धीच. काठावरच्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला सिव्हिल इंजिनियर म्हणून काही विचारत होतं. मी मनात स्लॅब आणली, दोन खांबांमधलं अंतर आणलं, वरचा भार आणला. गाडी मोकळी. कॅन मोकळे. म्हणजे स्लॅबवरचा भार नेहमीच्या निम्म्याच्या आसपास.

“मोकळी हाय की,” मी म्हणालो. “जावा. परत येताना भरून येऊ नका.”

आण्णा निघाले.

साधारण मध्यावर टेम्पोचा मागचा भाग सरकला. आवाज नाही, धक्का नाही. कुणीतरी हातानं भांडं बाजूला सारावं तसा. मग थांबला. मागचं चाक एका बुडालेल्या खुंटाला अडकलं होतं. हौद्यातले कॅन एकेक करून तरंगत बाहेर पडले आणि झाकणं लावलेली असल्यानं तसेच, डुलत, खाली गेले. आण्णा वरच्या बाजूच्या दारातून बाहेर आले आणि हौद्याची फळी धरून उभे राहिले. दोघांनी कमरेला दोर बांधून त्यांना आणलं. पाणी उतरल्यावर ट्रॅक्टरनं टेम्पो ओढून काढला.

घरी आल्यावर आण्णांनी आईला सांगितलं, “शेवाळावर चाक घसरलं.” काठावर मी काय म्हणालो ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मलाही पुन्हा विचारलं नाही. सप्टेंबरात मी पुण्याला आलो.

*

आता जेवून झालं होतं. मी दार लावलं आणि फोन केला.

“आण्णा, पुलाचं मागनं सांगतो. आधी गाडीचं सांगतो.”

ते गप्प राहिले.

“गुळाची काहील पुरात तरंगती न्हवं?”

“व्हय. आपण माणसं आणलेली की काहिलीतनं.”

“एवढी लोखंडाची, तरी तरंगती. कारण ती बसायला जेवढं पाणी बाजूला सारती, तेवढ्या पाण्याच्या वजनाचा रेटा तिला खालनं वर मिळतो. एक मीटर लांब, एक रुंद, एक उंच पाणी म्हणजे एक टन. आपला टेम्पो आणि तुम्ही मिळून नऊशे किलो धरा. त्या दिवशी पाणी अर्धा मीटर होतं. टायर, इंजिन, केबिनचा तळ मिळून चारशे किलोचं पाणी तरी बाजूला सारलं असंल. म्हणजे गाडी चाकांवर उभी होती पाचशे किलोची. नऊशेची न्हाई.”

“बरं.”

“ओल्या, शेवाळलेल्या सिमेंटवर चाकाची पकड वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे दीडशे किलोचा रेटा बाजूनं आला की गाडी सरकणार. आता नदी किती रेटत होती? हळू पळणाऱ्या माणसाच्या वेगानं, सेकंदाला दोन मीटरनं, पाणी येत असलं आणि गाडीची एक-सव्वा चौरस मीटर बाजू पाण्यात असली, तर अडीचशे किलोच्या आसपास.”

मी हे आकडे वहीत मांडून बसलो होतो. खरं तर अशी वही मी आधी तीनदा मांडली होती, दर वेळी पावसाळ्यात.

“म्हणजे जायाचीच होती,” आण्णा म्हणाले.

“व्हय. आणि भरलेली असती तर गेली नसती. चाळीस लिटरचे पंधरा कॅन म्हणजे सहाशे किलो. मग चाकांवर अकराशे किलो, पकड सव्वातीनशे. रेटा अडीचशेच.” मी थांबलो. “मी पुलाचा विचार केला. गाडीचा केलाच न्हाई. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.”

पलीकडून आईचा टीव्ही ऐकू येत होता.

“आरं,” आण्णा म्हणाले, “मी काय तुझ्या सांगण्यावरनं गेलो व्हय? मी जाणारच होतो. वीस वर्षं जात होतो.” मग जरा थांबून, “पण हे बरं सांगितलंस. मला वाटायचं, मोकळ्या गाडीनं कशी काय गेली.” आणि लगेच, “मग भरलेली गाडी जाती म्हणतोस?”

हाच प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. नुसता आकडा दिला की माणूस त्याचा परवाना करतो.

“न्हाई. नदीनं वेग दीडपट केला, तर रेटा दीडपट होत न्हाई, सव्वादोनपट होतो. अडीचशेचा साडेपाचशेच्या वर जातो. भरलेली पण गेली. काठावरनं बघून दोन मीटर आणि तीन मीटर यातला फरक तुम्हाला कळत न्हाई, मलाही न्हाई. वरनं तर मधे पाणी काठापेक्षा जोरात असतं. आणि भरलेली गाडी न्यायची तर खाली स्लॅब कशी हाय ते माहीत पाहिजे. सिमेंट पाण्यात बुडालं की त्याचं पण वजन शंभराचं साठ होतं. खांबाखालची माती हाय का गेली, ते पूर असताना कुणालाच दिसत न्हाई.”

“म्हणजे भरली तर पुलाची भीती, मोकळी असली तर गाडीची.”

“व्हय.”

“मग पुस्तकात काय लिवलंय, जायाचं कवा?”

ऑफिसात आम्ही सिस्टिम मुद्दाम पाडून बघतो. किती लोड आला की पडते ते मोजतो, पडली की रिस्टार्ट करतो, आणि बदल अंगाशी आला तर रात्रीत जुनं व्हर्जन परत लावतो. माझी सहा वर्षांची हुशारी या सोयीवर उभी आहे. बंधाऱ्यावर ही सोय नाही. तिथं पुस्तकात उत्तर एकच आहे आणि ते कुठल्याही शाळकरी पोराला माहीत असतं: वरून पाणी जात असलं तर जायचं नाही. ते सांगायला डिग्री लागत नाही. ते ऐकणाऱ्याचा त्या दिवशीचा पैसा बुडतो, म्हणून ते कुणी ऐकत नाही, एवढंच.

“मी ठरवलंय ते,” आण्णा म्हणाले. “त्याच वर्षी दिवाळीत खुंटांची डोकी लाल रंगवून घेतली. डोकं बुडालं की गाडी न्हाई. भरलेली न्हाई, मोकळी न्हाई. आता पोरं चालवत्यात टेम्पो, त्यांना पण तेच सांगितलंय. ऐकत्यात.”

ते लाल खुंट मी सहा वर्षं येता-जाता बघत होतो. मला वाटायचं ग्रामपंचायतीनं रंगवलेत.

मी हिशेब केला. खुंट फूटभर, म्हणजे तीस सेंटिमीटर. टेम्पोच्या केबिनच्या तळाच्या थोडा खाली. पाणी गाडीला उचलायला लागायच्या जरा आधी आण्णांची रेघ होती. वही न मांडता. फक्त, जरा जास्तच जवळ.

“आण्णा, डोकं जास्त होतंय. दुचाकी त्याच्या आतच जाती, माणूस तर जातोच. बंधाऱ्यावरनं पाणी चढलं की बंद, हेच खरं. निदान अर्ध्यावर एक पट्टा मारा. पट्ट्याला पाणी लागलं की पोरांनी चाकाला हात लावायचा न्हाई.”

“अर्ध्यावर म्हणजे किती?”

“वीत.”

“माझी का तुझी?”

“आईची.”

ते हसले. मग म्हणाले, “पुलाचं राहिलंच की. तो तिकडचा कसा पडला?”

मी सांगायला लागलो. लोखंड गंजतं म्हणजे आतून पातळ होत जातं, रिकाम्या पुलाला ते पुरतं, आणि एका रविवारी सगळी माणसं एकदम मधे येऊन उभी राहतात. ते हूं हूं करत राहिले. मध्येच म्हणाले, “आता कुठं पाणी बघायला जाऊ नगंस,” आणि फोन आईकडं दिला.

जुलैत एका सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. गढूळ पाणी, त्यातून वर आलेलं लाल डोकं आणि त्याच्या खाली पांढऱ्या पट्ट्याची वरची कड, पाण्याला टेकलेली. खाली आण्णांचा व्हॉइस मेसेज होता, पावसाच्या आवाजात जेमतेम ऐकू येणारा:

“गाडी दारात हाय. दूध घरात हाय. तुझी आई खवा आटवाय बसलीया.”